वाढवता येईल असा गेमिंग पीसी

२०१७ साली गेम खेळण्यासाठी नवा कॉम्प्युटर जोडून घेणाऱ्यांपुढे दोन वाटा होत्या. जानेवारीत इंटेलचा कोअर आय७ ७७००के आला होता आणि गेमसाठी तेव्हा तोच सर्वांत वेगवान मानला जात होता. मार्चमध्ये एएमडीने रायझन आणला. गेममध्ये तो थोडा मागे पडायचा आणि त्याचा एएम४ सॉकेट, म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा, हाही नवाच होता. इंटेल घेणाऱ्याला पहिल्या दिवशी जास्त फ्रेम मिळाल्या, यात शंका नाही. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंटेलची पुढची पिढी आली. सॉकेटमधल्या संपर्कबिंदूंची संख्या तीच, ११५१, तरीही ते प्रोसेसर नऊ महिन्यांपूर्वीच्या मदरबोर्डवर चालेनात. एएम४ मात्र चालतच राहिला. एप्रिल २०२२ मध्ये आलेला रायझन ७ ५८००एक्स३डी हा त्या वेळचा गेमसाठीचा अव्वल दर्जाचा प्रोसेसर होता, आणि २०१७ सालच्या अनेक बी३५० मदरबोर्डवर तो केवळ बायॉस, म्हणजे मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करून बसवता आला. रॅम तीच, कॅबिनेट तेच, एसएमपीएस तोच. एक चिप बदलली आणि पाच वर्षांचा जुना कॉम्प्युटर पुन्हा नव्याच्या रांगेत आला.

मध्यम बजेटमध्ये कॉम्प्युटर घेणाऱ्याने हे उदाहरण समोर ठेवावं. मॉनिटर सोडून ८० हजार ते १ लाख रुपये खर्च करू शकणारा माणूस आजचा सर्वोत्तम कॉम्प्युटर घेऊ शकत नाही. पण तीन-चार वर्षांनी फक्त एक भाग बदलून पुढे जाता येईल, असा कॉम्प्युटर तो नक्की घेऊ शकतो. त्यासाठी कोणते भाग दहा वर्षं राहणार आणि कोणते चार वर्षांत बदलणार, हे आधी ओळखावं लागतं. बाजारात जाहिरात मात्र बदलणाऱ्या भागांचीच जास्त होते.

सुरुवात पडद्यापासून करावी. १०८०पी पडद्यावर १९२० गुणिले १०८० म्हणजे सुमारे २०.७ लाख ठिपके असतात. १४४०पी पडद्यावर ते ३६.९ लाख होतात, जवळजवळ पावणेदोनपट. ४के पडद्यावर ८३ लाख. गेममधलं प्रत्येक चित्र, म्हणजे प्रत्येक फ्रेम, तयार करताना कामाची वाटणी होते. शत्रू कुठे उभा आहे, गोळी कुठे लागली, भिंत कोसळली का, हे प्रोसेसर ठरवतो आणि काय काय काढायचं याची यादी ग्राफिक्स कार्डाला देतो. कार्ड त्या यादीवरून एकेक ठिपका रंगवतं. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर हे सगळं १६.७ मिलिसेकंदांत उरकावं लागतं. १४४ हव्या असतील तर ६.९ मिलिसेकंदांत.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. पडद्यावरचे ठिपके वाढले तर कार्डाचं काम वाढतं, प्रोसेसरचं जवळजवळ तेवढंच राहतं. उलट सेकंदाला जास्त फ्रेम हव्या असतील तर दोघांनाही पळावं लागतं. म्हणून व्हॅलोरंटसारखा स्पर्धात्मक गेम १०८०पी पडद्यावर २४० फ्रेमने खेळणाऱ्याला प्रोसेसर चांगला लागतो, आणि मोठे कथाप्रधान गेम १४४०पी पडद्यावर बघत बघत खेळणाऱ्याला कार्ड. आपण कोणत्या गटात आहोत हे ठरवल्याशिवाय दुकानात गेलात, तर दुकानदार त्याच्याकडच्या स्टॉकप्रमाणे ठरवील. माझं मत विचाराल तर नवीन मॉनिटर घेणाऱ्याने २७ इंची १४४०पी, १४४ हर्ट्झ किंवा त्याहून जास्त, असाच घ्यावा. कार्डं दोन बदलतील, मॉनिटर तोच राहील.

आता ग्राफिक्स कार्ड. बजेटचा सर्वांत मोठा वाटा, साधारण ४० टक्के, इथे जाणार, आणि तो जावाच. पण कार्ड निवडताना लोक नावातला आकडा बघतात आणि त्याच्यावरची मेमरी, म्हणजे व्हीरॅम, दुर्लक्षित राहते. २०१६ साली एनव्हिडियाने जीटीएक्स १०६० हे कार्ड ३ जीबी आणि ६ जीबी अशा दोन प्रकारांत विकलं. ३ जीबीच्या कार्डात गणना करणारे कोअरही थोडे कमी होते, तरी सुरुवातीला दोन्हींत फार फरक जाणवत नसे. पुढच्या काही वर्षांत गेममधले पृष्ठभाग, चेहरे, झाडं अधिक बारकाईने रंगवली जाऊ लागली, तशी ३ जीबीची कार्डं अडखळू लागली. ६ जीबीवाली त्यानंतरही बराच काळ चालली. २०२५ मध्ये हाच खेळ नव्या आकड्यांनी पुन्हा मांडला गेला. आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी ही दोन्ही कार्डं ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन रूपांत आली.

मेमरी कमी पडली की नेमकं काय होतं? ९०६० एक्सटीच्या चिपला तिच्या स्वतःच्या मेमरीतून सेकंदाला सुमारे ३२० जीबी माहिती मिळते. ती मेमरी भरली की उरलेलं चित्रसाहित्य कॉम्प्युटरच्या मुख्य रॅममध्ये ठेवावं लागतं आणि तिथून मदरबोर्डच्या पीसीआय एक्स्प्रेस मार्गाने आणावं लागतं. चौथ्या पिढीच्या पूर्ण १६ लेनच्या मार्गावरून सेकंदाला जेमतेम ३२ जीबी येतात. आरटीएक्स ५०६० आणि ५०६० टीआयसारखी कार्डं ८ लेनच वापरतात, त्यांना अशा बोर्डावर १६ जीबी. म्हणजे कार्ड दहा-वीसपट हळू रस्त्यावर वाट बघत बसतं. सरासरी फ्रेम ठीक दिसतात, पण वळणावर, स्फोटाच्या क्षणी चित्र झटका खातं. काही गेम झटका न देता गुपचूप पोत धूसर करतात. सेटिंग कमी करून यातून सुटका होते हे खरं, पण १४४०पीसाठी आज नवं कार्ड घेताना १६ जीबीवाला प्रकारच घ्यावा, त्यासाठी प्रोसेसर एक पायरी खाली घ्यावा लागला तरी. ज्यांचे गेम हलके आहेत त्यांनी हा खर्च करू नये. स्पर्धात्मक नेमबाजीचे गेम किंवा पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली आणलेला ‘राजी’ असे गेम १०८०पीवर खेळायचे असतील तर ८ जीबी पुरतात.

दोन कार्डांमध्ये निवडताना आणखी एक गोष्ट बघा. कमी ठिपक्यांचं चित्र काढून ते मोठं करण्याचं तंत्र, एनव्हिडियाचं डीएलएसएस आणि एएमडीचं एफएसआर, आता रोजच्या वापराचं झालं आहे. एफएसआरची चौथी आवृत्ती एएमडीने आरएक्स ९००० मालिकेच्या कार्डांसोबत आणली आणि चित्राच्या स्वच्छतेत ती आधीच्यापेक्षा बरीच पुढे आहे. म्हणून जुन्या मालिकेचं कार्ड थोडं स्वस्त मिळत असलं तरी लगेच उचलू नये. रे ट्रेसिंगचंही, म्हणजे प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून चित्र रंगवण्याचंही, तसंच. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ला रे ट्रेसिंग करणारं कार्ड असणं ही किमान अट आहे. २०१९ सालचं आरएक्स ५७०० एक्सटी ताकदीने कमी नव्हतं, पण ती सोय त्यात नसल्यामुळे ते या यादीतून बाहेर गेलं.

प्रोसेसरसाठी मी आज एएम५ सॉकेट निवडीन. हा सॉकेट सप्टेंबर २०२२ मध्ये आला आणि किमान २०२७ पर्यंत त्याला नवे प्रोसेसर मिळतील असं एएमडीने जाहीर केलं आहे. रायझन ५ ७६०० मध्ये सहा कोअर आणि बारा थ्रेड आहेत, वीज कमी लागते, सोबत कूलर मिळतो, आणि त्यात छोटा का होईना पण ग्राफिक्सचा भाग आहे. हा शेवटचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण तसा नाही. ग्राफिक्स कार्ड बिघडून वॉरंटीसाठी गेलं की ते परत यायला कधी कधी आठवडे लागतात. नावात ‘एफ’ असलेल्या प्रोसेसरवर, उदाहरणार्थ ७५००एफ किंवा इंटेलचा १२४००एफ, तेवढे दिवस पडदा काळा. ७६०० वर मोठे गेम चालणार नाहीत, पण अभ्यास, ऑफिसचं काम, व्हिडिओ सगळं चालतं.

पुढची पायरीही इथे आधीच दिसते. ७६०० मध्ये तिसऱ्या पातळीची कॅश मेमरी ३२ एमबी आहे. एप्रिल २०२३ मध्ये आलेल्या ७८००एक्स३डीमध्ये आणि नोव्हेंबर २०२४ च्या ९८००एक्स३डीमध्ये ती ९६ एमबी आहे, कारण कॅशचा एक जादा थर चिपला जोडून रचलेला असतो. गेममध्ये प्रोसेसरचा बराच वेळ रॅममधून माहिती येण्याची वाट बघण्यात जातो. ती माहिती शेजारीच सापडली तर फ्रेम वाढतात, आणि मुख्य म्हणजे त्या एकसारख्या पडतात. आज हे प्रोसेसर मध्यम बजेटला परवडत नाहीत. काही वर्षांनी उतरलेल्या किमतीत किंवा सेकंडहँड बाजारात ते मिळतील, आणि तेव्हा तुमच्याकडे ते बसवायला जागा असेल.

इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटवर आय५ १२४००एफ आजही किमतीच्या मानाने चांगला चालतो. पण त्या सॉकेटची वाट ऑक्टोबर २०२४ मध्ये संपली. नवे प्रोसेसर एलजीए १८५१ वर गेले. वर चढायचं तर तेराव्या-चौदाव्या पिढीचे मोठे प्रोसेसर उरतात, आणि त्यांतल्या अस्थिरतेच्या तक्रारींवरून इंटेलला २०२४ मध्ये मायक्रोकोडची दुरुस्ती आणि वाढीव वॉरंटी द्यावी लागली. वापरलेला घेणार असाल तर हे लक्षात ठेवावं. एक अपवाद मात्र मला मान्य आहे. घरात चांगली डीडीआर४ रॅम पडून असेल तर एएम४ वरचा रायझन ५ ५६०० घेऊन तीच वापरणं आजच्या दिवसांत शहाणपणाचं ठरू शकतं.

याचं कारण रॅमच्या किमती. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी एवढी वाढवली की डीडीआर५ चे भाव काही महिन्यांत भडकले. डिसेंबरमध्ये मायक्रॉनने ‘क्रुशियल’ या नावाने ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकण्याचा व्यवसाय बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा वेळी ‘आत्ता ८ जीबीच्या दोन घेऊ, पुढे आणखी दोन टाकू’ असा विचार मनात येतोच. डीडीआर४ च्या काळात तो बरोबर होता. एएम५ वर तो फसतो. रायझन ७००० मालिकेसाठी दोन रॅम असताना एएमडीची वेगाची अधिकृत मर्यादा ५२००, चारही खाचा भरल्या की ती ३६०० वर येते. व्यवहारात याहून जास्त वेग मिळतो, पण चार रॅमवर त्याची हमी कोणी देत नाही. म्हणून १६ जीबीच्या दोन, ६००० वेगाच्या, सीएल३० किंवा सीएल३६, हे योग्य उत्तर. तेवढे पैसे नसतील तर १६ जीबीची एकच घ्या आणि जमेल तितक्या लवकर अगदी त्याच मॉडेलची दुसरी जोडा. तोवर फ्रेम थोड्या कमी मिळतील, पण काहीही फेकून द्यावं लागणार नाही.

मदरबोर्डवर लोक पैसे वाया घालवतात. एक्स८७० वगैरे महाग बोर्ड ‘पुढे उपयोगी पडेल’ म्हणून घेतले जातात आणि त्यांवरच्या निम्म्या सोयींना कधी हात लागत नाही. तुम्हाला भविष्यात जो प्रोसेसर बसवायचा आहे त्याच्यासाठी सॉकेट हवा, वीज पुरवणाऱ्या भागावर बऱ्यापैकी हीटसिंक हवं, एसएसडीसाठी दोन एम.२ खाचा हव्यात, आणि मागे बायॉस फ्लॅशबॅकचं बटण हवं. या बटणामुळे प्रोसेसर न बसवताही पेनड्राइव्हवरून बायॉस अपडेट करता येतो. बी६५० बोर्ड रायझन ९००० मालिकेच्या आधीचे आहेत. गोदामात पडून राहिलेला बोर्ड जुन्या बायॉसचा असू शकतो आणि नवा प्रोसेसर ओळखत नाही. साधा बी६५० किंवा बी८५०, एवढ्यावर थांबा. एसएसडीबद्दल फार बोलण्यासारखं नाही: चौथ्या पिढीची १ टीबी एनव्हीएमई घ्या, पाचव्या पिढीच्या मागे लागू नका, दुसरी खाच पुढे भरता येईल.

ज्या भागावर बचत करू नये असं मी प्रत्येकाला सांगतो, तो एसएमपीएस. आपल्याकडे दुकानात ‘कॅबिनेटसोबत ५०० वॅटचा फ्री’ म्हणून जो डबा मिळतो, त्याच्या लेबलावरचा आकडा वाचायला शिका. आजच्या कॉम्प्युटरमध्ये प्रोसेसर आणि कार्ड दोघंही १२ व्होल्टच्या ओळीवरच चालतात. लेबलावर १२ व्होल्टखाली ५४ अँपिअर असेल तर १२ गुणिले ५४, म्हणजे ६४८ वॅट खरोखर उपलब्ध आहेत. वर मोठ्या अक्षरात ५०० लिहिलेलं आणि १२ व्होल्टखाली २५ अँपिअर असेल तर तुमच्या हाती ३०० वॅटच आहेत. ‘८० प्लस’चा शिक्का विजेची कार्यक्षमता सांगतो. तो संरक्षण, टिकाऊपणा किंवा आतल्या कपॅसिटरचा दर्जा सांगत नाही. त्यासाठी वॉरंटी बघा: चांगल्या एसएमपीएसवर पाच, सात, दहा वर्षांची असते.

हिशेब सोपा आहे. ७६०० प्रोसेसर कमाल ८८ वॅटच्या आसपास घेतो, कार्ड १६० ते १८०, बाकीचे भाग मिळून ६०-७०. एकूण साडेतीनशेच्या आत. मग ६५० किंवा ७५० वॅट कशाला? एक कारण पुढचं कार्ड, जे ३०० वॅटचंही असू शकतं. दुसरं कारण असं की कार्ड क्षणभरासाठी नेहमीच्या दुप्पटही वीज ओढू शकतं. २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० मानकात एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांसाठी दुप्पट भार सोसला पाहिजे अशी अट आहे. नवा घेताना ३.० किंवा ३.१ मानकाचाच घ्या, तो पुढच्या दोन कार्डांना पुरेल. पुढे कधी एसएमपीएस बदललात तर जुन्या केबल नव्याला लावू नका. कार्डाकडचं टोक सारखं दिसतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाला तारांची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी असते, आणि चुकीच्या केबलने एसएसडीपासून मदरबोर्डापर्यंत काहीही जळू शकतं.

घरातल्या विजेचाही विचार इथेच करावा. तालुक्याच्या गावी दिवसातून दोनदा वीज जाते, व्होल्टेज वरखाली होतं, आणि जुन्या वाड्यांत, चाळींत अर्थिंग असतंच असं नाही. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटत असेल तर कॉम्प्युटर जोडण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. यूपीएस घेताना व्हीए आणि वॅट यांत गल्लत होते. ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटच देतो. गेम चालू असताना वीज गेली तर मॉनिटरसकट तो भार त्याला झेपणार नाही. १००० ते ११०० व्हीएचा घ्यावा. काही एसएमपीएसना स्वस्त यूपीएसची पायऱ्यापायऱ्यांची वीज मानवत नाही आणि यूपीएस असूनही कॉम्प्युटर बंद पडतो. शक्य असेल तर दुकानात दोन्ही जोडून प्लग काढून बघा.

कॅबिनेट पुढून जाळीचं असावं, काचेचं नाही. नागपूर-चंद्रपूरकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि खोली जितकी तापते साधारण तितकाच आतल्या भागांचा तापमानाचा आकडा वर सरकतो. समोरून दोन पंखे हवा आत घेणारे, मागे एक बाहेर टाकणारा, पुढच्या जाळीला काढून धुता येईल असा फिल्टर, आणि लांब कार्ड मावेल इतकी जागा, एवढं पुरे. एलईडीच्या रोषणाईवर गेलेले पैसे कार्डाची मेमरी वाढवायला वापरले असते तर बरं, असं बहुतेक कॉम्प्युटर बघताना मला वाटतं.

खरेदी कुठे करायची? मुंबईत लॅमिंग्टन रोड, दिल्लीत नेहरू प्लेस, बंगळुरात एस. पी. रोड या बाजारांत आजही भाव करता येतो, आणि भाग हातात घेऊन बघता येतो. ऑनलाइन किमतीशी तुलना करूनच जा. बिलाशिवाय काही हजार कमी, असं कोणी म्हटलं तर नको म्हणा. वॉरंटी बिलावर चालते. खोक्याशिवायचे ‘ओईएम’ प्रोसेसर स्वस्त पडतात, पण त्यांची वॉरंटी कंपनीऐवजी विक्रेत्यावर अवलंबून असते. अमेरिकेहून किंवा दुबईहून येणाऱ्या नातेवाइकांकडून कार्ड मागवण्याआधी त्या कंपनीची वॉरंटी भारतात चालते का, हे त्यांच्या भारतातल्या सेवा केंद्राला विचारा. बऱ्याचदा चालत नाही.

कॉम्प्युटर घरी आल्यावर पहिल्याच दिवशी बायॉसमध्ये जाऊन एक्स्पो हा पर्याय चालू करा. तो चालू केल्याशिवाय ६००० ची रॅम ४८०० वगैरे वेगाने धावते, आणि कित्येक जणांच्या कॉम्प्युटरमध्ये वर्षानुवर्षं तशीच धावत असते. मॉनिटर १४४ हर्ट्झवर आहे का, हेही विंडोजच्या सेटिंगमध्ये तपासा. तो बहुधा ६० वर असतो. केबल मदरबोर्डाला नाही, कार्डाला लावलेली हवी.

तीन-चार वर्षांनी गेम हळू वाटू लागले की लगेच खरेदीला निघू नका. गेममध्ये रिझोल्यूशन एक पायरी खाली आणा. फ्रेम वाढल्या तर कार्ड कमी पडतंय. फ्रेम तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसर कमी पडतोय. जो कमी पडतोय तेवढाच बदला, जुना भाग बिल आणि खोक्यासकट विका, आणि त्यासाठी आजच प्रत्येक भागाचा सिरियल नंबर बिलावर लिहून घ्या.